परसात भाजी आणि कोंबड्या एकत्र: मधला दुवा उकिरडा (आणि माझे तीन प्रश्न)

परसदार | ३ मे, सकाळी ६.५०

आमचं घर कागल तालुक्यात आहे. मागचं परस १२ फूट बाय २१ फूट, म्हणजे पाव गुंठाही पुरता भरत नाही. त्यात तीन वाफे, पंधरा-वीस कुंड्या, कोपऱ्यात शेवगा आणि चार कोंबड्या: दोन गावरान, दोन गिरिराज (सुधारित जातीच्या). तीन वर्षं झाली. "जागा कमी आहे, एक तर भाजी करा नाही तर कोंबड्या पाळा" असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. पहिल्या वर्षी मलाही ते पटलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी मी कोंबड्या संध्याकाळी तासभर मोकळ्या सोडायची. कोंबडी सोडली की ती आधी भुसभुशीत माती शोधते, आणि परसात सगळ्यात भुसभुशीत माती कुठे असते, तर आपण कालच पेरलेल्या मेथीच्या वाफ्यात. दोनदा मेथी गेली, एकदा वांग्याची रोपं. कोंबड्या विकायच्या असं ठरलंही होतं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना उकरायला उकिरडा दे. नाही तर त्या वाफाच उकरणार."

त्यांच्या माहेरी उकिरडा गोठ्याच्या मागे असायचा आणि कोंबड्या दिवसभर त्यावरच. आपण परस लहान झालं म्हणून उकिरडा काढून टाकला, कोंबड्या तेवढ्या ठेवल्या. मग त्या उकरणार कुठे?

आता रचना अशी आहे. ४ बाय ३ फुटांचं खुराडं, जमिनीपासून दीड फूट उंच, आत बसायला दोन फुटांवर बाभळीची दांडी. त्याला लागून ८ बाय ६ फुटांचं जाळीचं आवार. त्या आवाराच्या आतच, विटांचे तीन थर नुसते रचून केलेला ३ बाय ३ फुटांचा उकिरडा. घरातली भाजीची देठं, सालं, बागेतलं तण, गळालेली शेवग्याची पानं सगळं त्यात. एक बादली ओलं टाकलं की तीन बादल्या कोरडं टाकायचं, हा नियम मी मोडत नाही. कोरड्याची आमच्याकडे ददात नाही, ऊस तुटला की पाचट हवं तेवढं मिळतं. खुराड्यात खाली अंथरायलाही पाचटच, बारीक तोडून.

कोंबड्या दिवसभर तो ढीग उकरतात. वरचं खाली, खालचं वर, आत किडे-अळ्या-गांडुळं शोधत. मला ढीग कधी पालटावा लागत नाही. विष्ठा त्यातच पडते, पाचटात मिसळते. अडीच महिन्यांनी एक बाजू बाहेर काढते, चाळते आणि पोत्यात भरून आणखी दीड महिना सावलीत ठेवते. मगच वाफ्यात. पहिल्या वर्षी मी ताजी विष्ठा पाण्यात कालवून मिरचीला घातली होती, चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. कोंबडीचं खत शेणखतापेक्षा फार कडक असतं, त्यातल्या अमोनियानं मुळं जळतात. पालेभाजीला तर कच्चं खत कधीच नको, कारण त्यातले जंतू पानावर येतात आणि कोथिंबीर आपण कच्ची खातो.

आवारावर दोडका आणि घोसाळं चढवलंय. एप्रिल-मेमध्ये कोंबड्यांना सावली, आम्हाला भाजी. चोच पोचेल तिथवरची पानं त्या खातात, म्हणून खालच्या दोन फुटांना दुहेरी जाळी केली.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाफा रिकामा झाला की बिनतळाचा एक हलका पिंजरा त्यावर ठेवते आणि तीन दिवस कोंबड्या त्यात सोडते. मागल्या वर्षी वांगी अचानक माना टाकायला लागली, उपटून बघितलं तर मुळाशी हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. शेजारी ऊस, त्यामुळे ती येणारच. पीक काढलं, पिंजरा ठेवला. गावरान कोंबडीनं एका सकाळी माझ्यासमोर अकरा हुमण्या खाल्ल्या. मी मोजत बसले होते.

अंडी वर्षभराची सरासरी काढली तर महिन्याला ४० च्या आसपास. चारही मिळून महिन्याला साधारण १२ किलो दाणा लागतो, त्यातला काही वाटा उकिरडा आणि पाला भरून काढतो. अंडी दुकानापेक्षा स्वस्त पडत नाहीत. पण खत विकत आणणं पूर्ण बंद झालं, आणि ओला कचरा घराबाहेर जात नाही.

दुःखाची गोष्टही लिहिते. आधी पाच कोंबड्या होत्या. गेल्या पावसाळ्यात स्वस्त मिळाली म्हणून भुईमुगाची पेंड आणली. वास थोडा कुबट होता, मी उन्हात वाळवून घातली. आठ-दहा दिवसांत एक तलंग मलूल झाली, खाणं सोडलं, गेली. बाकीच्यांची अंडी महिनाभर बंद होती.

माझे प्रश्न:
१. मृगाचा पाऊस सुरू झाला की आवारात चिखल होतो आणि वास येतो. काय करावं?
२. एक गावरान कोंबडी खुडूक झाली आहे. कोंबडा नाही, पण चार घरं सोडून एकांकडे आहे. मे महिन्यात तिला अंड्यांवर बसवावं का?
३. उन्हाळ्यात अंड्याची टरफलं इतकी पातळ होतात की उचलताना फुटतात. कशामुळे?

---

जांभ्यातली माती | ३ मे, सकाळी ९.२०

ताई, वाचून आजीच्या मागीलदाराची आठवण झाली. मी रत्नागिरी जिल्ह्यातली. आमच्याकडे पाऊस म्हणजे चार महिने धार, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा मला हक्क आहे असं समजते.

आवाराचं पाणी आत येतं कुठून ते आधी बघा. बहुतेक वेळा ते वरून कमी आणि पागोळ्यांतून जास्त येतं. खुराड्याच्या आणि घराच्या पत्र्याचं पाणी पन्हळीनं बाहेर काढलंत की निम्मा चिखल संपतो. उरलेल्या जमिनीवर आम्ही जांभ्याची खडी चार बोटं घालतो आणि वर भाताचा तूस, सुकी पानं. तुमच्याकडे पाचट आहेच. ओलं झालं की काढायचं नाही, वर कोरडं घालत जायचं. हाताची मूठ वळली आणि पाणी सुटलं तर कोरडं कमी पडलंय. वास म्हणजे अमोनिया, आणि खाली वाकल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर त्या कोंबड्या रात्रभर तेच हुंगत असतात.

उकिरड्यावर मात्र पावसाळ्यात छप्पर हवंच. एक जुना पत्रा तिरका टाका. ओला उकिरडा कुजत नाही, सडतो.

आणि खुराड्यात राखेचं एक घमेलं कायम ठेवा. पावसात त्यांना धुळीत लोळायला कोरडी जागा मिळत नाही, आणि लोळल्या नाहीत की पिसांत उवा होतात. चुलीची राख आणि कोरडी माती समसमान. आमच्या कोंबड्या त्या घमेल्यासाठी भांडतात.

---

संत्रानगरी | ३ मे, दुपारी १.०५

नागपूरहून. तुमच्याकडचा उन्हाळा आमच्या उन्हाळ्यापुढे सौम्य आहे, इथे पारा ४५ च्या वर जातो, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर लिहितो.

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि त्यातून उष्णता बाहेर काढते. पण धापा टाकताना शरीरातला कार्बन डायऑक्साइडही भराभर बाहेर जातो, आणि टरफल तर कॅल्शियम कार्बोनेटचं. कार्बोनेट कमी पडलं की टरफल पातळ. त्यात उन्हात ती खातेही कमी, म्हणजे पोटात कॅल्शियमही कमी जातं. दोन्हीकडून मार.

आमचा दिनक्रम सांगतो. दाणा पहाटे आणि दिवस मावळताना, दुपारी अजिबात नाही. पचनाचीही उष्णता असते. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दुपारी दोनदा बदलायचं. जाळीला गोणपाट बांधून त्यावर पाणी मारायचं, पण वारा येईल अशी एक बाजू मोकळी ठेवायची, नाही तर आत दमट होऊन उलटाच त्रास. फार ऊन असेल तेव्हा पाण्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ. पंख पसरून, मान लांब करून पडलेली कोंबडी दिसली तर थंडगार पाण्यात बुडवू नका, पाय ओले करा आणि सावलीत ठेवा.

कॅल्शियमसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. दाण्यात कालवू नये, जिला गरज आहे ती आपणच खाते.

---

जांभ्यातली माती | ३ मे, दुपारी १.४०

शिंपले म्हणाल तर आमच्याकडे तिसऱ्यांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, कवचं टोपलीभर निघतात. भाजून कुटली की सहज चुरा होतो. परसदार ताई, आमच्याकडून कोणी कोल्हापूरला येणार असेल तर पाठवते. अंड्याची टरफलंही चालतात, पण भाजून आणि अगदी बारीक करून. अख्खं टरफल दिसलं की कोंबडीला स्वतःचंच अंडं फोडायची सवय लागते.

---

गच्चीवरची वांगी | ४ मे, रात्री १०.१५

मी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते, कोंबड्या पाळणं शक्य नाही. सदनिकेच्या बाल्कनीत त्या ठेवू नयेत असं माझं ठाम मत आहे. उकरायला माती नसेल तर ती कोंबडीची कोंडी आहे.

पण तुमच्या उकिरड्याचं वाचून माझी एक जुनी समजूत पक्की झाली. श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून गच्चीवरच्या शेतीचं जे काम झालं, त्याचा गाभा हाच होता: माती विकत आणू नका, घरच्या काडीकचऱ्यातून तयार करा. माझ्या कुंड्यांत तळाला नारळाच्या शेंड्या, मग वाळला पालापाचोळा, आणि वरच्या तिसऱ्या भागातच माती आणि खत. गच्चीवर वजन हा मोठा प्रश्न असतो. घनफूटभर ओली माती ४५ किलोच्या आसपास भरते, वीस कुंड्या म्हटल्यावर विचार करा. पालापाचोळ्याच्या कुंडीचं वजन त्याच्या निम्म्याहून कमी होतं आणि पाणी जास्त दिवस टिकतं.

तुमचं चाळलेलं खत कुंडीला किती घालावं? मला गावाहून एक पोतं मिळण्यासारखं आहे.

---

परसदार | ५ मे, सकाळी ७.१०

पंधरा लिटरच्या कुंडीला एक मूठ, दोन महिन्यांतून एकदा, खोडापासून चार बोटं लांब. फळभाजीला फुलं यायच्या आधी. पालेभाजीला पेरणीआधी मातीत मिसळून, नंतर वरून नको. पोतं आलं की आधी हात घालून बघा. आतून कोमट लागलं किंवा नाकात गेलं तर ते अजून तयार नाही, महिनाभर ठेवा.

जांभ्यातली माती ताई, पन्हळीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घराच्या मागच्या पत्र्याचं सगळं पाणी आवारातच पडतंय, काल बादली ओतून बघितलं.

---

पशुधन_निवृत्त | ६ मे, सायंकाळी ५.३०

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो, बरीचशी नोकरी खेड्यांतल्या दवाखान्यांत झाली. तीन गोष्टी लिहितो, तिसरी सगळ्यात महत्त्वाची.

पहिली, पेंड. परसदार ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण ती तलंग बहुधा अफ्लाटॉक्सिननं गेली. भुईमुगाच्या पेंडीवर आणि मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचं हे विष. ते थेट यकृतावर जातं. उन्हात वाळवल्यानं बुरशी मरते, विष तसंच राहतं. शिजवूनही जात नाही. म्हणून कुबट वास आला की ती पेंड कोंबडीला नाही, गाईम्हशीलाही नाही. गाईला घातली तर विष दुधात उतरतं. पावसाळ्यात पेंड आठवडाभराचीच आणावी आणि फळीवर, भिंतीपासून लांब ठेवावी.

दुसरी, खुडूक कोंबडी. गावरानला जरूर बसवा. गिरिराज, वनराज सहसा नीट बसत नाहीत, कडकनाथ तर झाबुआच्या आदिवासी घरांतही दुसऱ्या देशी कोंबडीखाली उबवून घेतात. अंडी दहा-बारापेक्षा जास्त नकोत, सगळी पंखाखाली आली पाहिजेत. मे महिना आहे, अंडी चार-पाच दिवसांच्या आतलीच घ्या आणि तोवर माठाशेजारी गारव्यात ठेवा. धुऊ नका. टोपलीत खाली थोडी माती, वर पेंढा. टोपली खुराड्याबाहेर, अंधाऱ्या गार जागी. सातव्या दिवशी रात्री टॉर्चवर धरून बघा, लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे, स्वच्छ दिसलं तर काढून टाका. २१ व्या दिवशी पिल्लं. शेवटचे तीन दिवस टोपलीला हात लावू नका.

तिसरी, मानमोडी. तुम्ही लसीबद्दल एक शब्द लिहिला नाही म्हणून विचारतो: लस दिली आहे का? मानमोडी म्हणजे राणीखेत. मान वाकडी होते, हिरवट हगवण, एकेक पाय ओढतात, आणि लस नसलेला कळप दोन-चार दिवसांत रिकामा होतो. उपचार नाही. पिल्लाला ५ ते ७ दिवसांचं असताना लासोटा, एक थेंब डोळ्यात. चार आठवड्यांनी पुन्हा. पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की आर टू बी, ही मानमोडीचीच पुढची लस, ती टोचायची. सहा-सात आठवड्यांच्या सुमारास देवीची लस. आपल्या जवळच्या पशुवैद्यकाकडून वेळापत्रक पक्कं करून घ्या.

आणखी एक. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तर कापून बघायचं नाही, ओढ्यात टाकायचं नाही, दवाखान्यात कळवायचं. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. त्या वेळी बाधित पट्ट्यातले पक्षी नष्ट करावे लागले, त्यात शेडमधल्याही होत्या आणि परसातल्याही. लोक कोंबड्या लपवत होते, मला ते समजत होतं. पण लपवलेली एक कोंबडी पुढच्या गावाला महागात पडते.

---

परसदार | ६ मे, रात्री ९.००

काका, खरं सांगते, दिली नाही. चौकशी केली होती. लासोटाची बाटली १०० मात्रांची, आणि माझ्याकडे चार कोंबड्या. दुकानदार म्हणाले, फोडली की दोन तासांत संपवायची, उरलेली फेकायची. ९६ मात्रा फेकायच्या हे मनाला पटेना, म्हणून राहून गेलं. आता वाचून पोटात खड्डा पडलाय.

वाळवलेल्या पेंडीचं मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं मी काळजीच घेतली.

---

नेकारकाठी | ७ मे, पहाटे २.२० (इथे अजून ६ तारीखच आहे)

मी मूळचा सांगलीचा, आता जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. आमच्या घरामागे पाच कोंबड्या आहेत. लसीच्या मुद्द्यावर इथली पद्धत सांगावीशी वाटली.

जर्मनीत मानमोडीची लस कायद्यानं सक्तीची आहे, कोंबडी एक असली तरी. आणि अडचण तीच, बाटली शेकडो मात्रांची. म्हणून गावोगावी हौशी पक्षीपालकांची मंडळं असतात, ती साधारण दर तीन महिन्यांनी एक दिवस ठरवतात. सगळे सकाळी डबा घेऊन जातात, तिथे एकाच वेळी बाटली फोडून पाण्यात मिसळतात आणि प्रत्येकाला त्याच्या कोंबड्यांपुरतं पाणी मिळतं. ते घेऊन धावत घरी. आदल्या रात्रीपासून पाण्याचं भांडं काढून ठेवलेलं असतं, म्हणजे कोंबड्या लगेच पितात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर लस मरते, म्हणून त्यात साय काढलेल्या दुधाची पूड घालतात.

दुसरं, तुमचा उकिरडा वाचून मला हेवा वाटला, कारण इथे स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं कोंबडीला घालायला मनाई आहे. युरोपीय संघाचा नियम. बागेतून थेट तोडलेला पाला चालतो. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसाच्या अवशेषांतून जनावरांचे रोग पसरतात हे त्यामागचं कारण. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकुताची जी मोठी साथ आली, तिचं मूळ डुकरांना घातलेल्या खरकट्यात असल्याचं तपासात पुढे आलं होतं. तुम्ही उकिरड्यात काय टाकता, काय नाही, हे जरा लिहाल का?

---

परसदार | ७ मे, सकाळी ७.३०

मटण-मासे-कोंबडीचं काहीही टाकत नाही, हाडसुद्धा नाही. आमटी-भाजीचं खरकटं नाही, मीठ-तिखट त्यांना सोसत नाही. बटाट्याची हिरवी सालं नाहीत. बुरसटलेली भाकरी आधी टाकायची, पण काकांचं वाचल्यावर कालपासून तीही बंद. उरतात ती कच्च्या भाजीची देठं, कलिंगडाच्या फोडी, शेंगांची टरफलं, तण आणि पाचट.

तुमच्या मंडळाचं वाचून सकाळी चहा पिता पिता गल्लीतली घरं मोजली. आमच्या आणि मागच्या आळीत मिळून कोंबड्या असलेली नऊ घरं आहेत. आणि मी ९६ मात्रा फेकण्याचा विचार करत बसले होते.

---

संत्रानगरी | ७ मे, सकाळी ११.००

हे करा ताई. आमच्या वस्तीत दोन वर्षांपूर्वी मानमोडीनं बारा घरांची खुराडी आठवड्यात रिकामी केली. कोणी एकानं लस देऊन भागत नाही, शेजाऱ्याची कोंबडी कुंपणावरून येतेच.

जाळीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून भर घालतो. षटकोनी भोकांची कोंबडीची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी लावा आणि खाली फूटभर जमिनीत पुरा. पिल्लं येणार असतील तर नक्की. मुंगसाला मारू मात्र नका, त्याला कायद्यानं संरक्षण आहे, आणि ते साप खातं.

---

पशुधन_निवृत्त | ७ मे, दुपारी ४.१५

नऊ घरं म्हणजे पन्नास-साठ पक्षी सहज. बाटली दवाखान्यातून किंवा दुकानातून घ्या, पण घरापर्यंत बर्फातच आणा. थर्मासमध्ये बर्फ घालून. एप्रिल-मेमध्ये पिशवीत घालून आणलेली लस म्हणजे रंगीत पाणी. मोठ्या कोंबड्यांचं वेळापत्रक वेगळं असतं, ते डॉक्टरांना विचारून. आजारी, मलूल दिसणाऱ्या पक्ष्याला त्या दिवशी लस देऊ नका.

---

परसदार | १ जून, सकाळी ६.४०

इतके दिवस लिहायला जमलं नाही. ९ मे रोजी अकरा अंड्यांवर कोंबडी बसवली. सातव्या दिवशी टॉर्चवर दोन स्वच्छ निघाली, ती काढली. परवा ३० तारखेला आठ पिल्लं बाहेर आली, एक अंड्यातच गेलं. सासूबाईंनी डालगं शोधून काढलं, बारा वर्षं माळ्यावर होतं. आई बाहेर, पिल्लं आतबाहेर करतात.

पन्हळ बसवली. शिंपल्याचा चुरा मिळाला, टरफलं आता उचलताना फुटत नाहीत. उकिरड्यावर पत्रा टाकला.

नऊपैकी सात घरं तयार झाली. दोन घरं "बघू" म्हणाली आहेत, त्यांच्याकडे आज पुन्हा जाणार आहे. मोठ्या कोंबड्यांना काय द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घेतलं आणि तीही लस त्याच दिवशी आणणार आहे. सगळे मिळून ६३ पक्षी, त्यांत माझी आठ आणि मागच्या आळीतली चौदा पिल्लं. शुक्रवारी ५ तारखेला सकाळी सात वाजता आमच्या अंगणात. थर्मास दोन मिळाले आहेत, बर्फ शेजारच्या रसवंतीवाल्या दादांकडून. काका, पिल्लाच्या डोळ्यात थेंब टाकताना त्याला धरायचं कसं, तेवढं लिहाल का?

---

पशुधन_निवृत्त | १ जून, सकाळी ८.०५

डाव्या तळहातावर पिल्लू आडवं घ्या, अंगठा आणि पहिलं बोट डोक्यामागे, दाब न देता. एक डोळा वर आला पाहिजे. ड्रॉपर डोळ्याला टेकवू नका, बोटभर वरून एकच थेंब सोडा. थेंब डोळ्यात पसरला आणि पिल्लानं पापणी मिटून उघडली की मगच खाली ठेवा. लस दिलेली पिल्लं दुसऱ्या डालग्याखाली, नाही तर गोंधळ होतो. बावीस पिल्लांना अर्धा तास लागेल. सात वाजताच सुरू करा, ऊन चढू देऊ नका.